राली: खिओस बेटावरचं एक आडनाव, लंडन ते वऱ्हाड

वऱ्हाडकर (मूळ लेख)

अमरावतीत रॅलीज प्लॉट आहे. जुनी मंडळी ते नाव कापसाच्या राली कंपनीशी जोडतात. मुंबईत रॅलीज इंडिया ही कंपनी आहे. घरात रॅलीफॅन किंवा वर्कशॉपमध्ये मुलुंडला बनलेलं रॅलीवुल्फचं ड्रिल असलेल्यांनाही हे नाव ओळखीचं आहे. मोर्चाच्या रॅलीशी याचा काही संबंध नाही. हे एका ग्रीक घराण्याचं आडनाव आहे. ते कुठून आलं आणि कुठे कुठे गेलं याचा बरेच दिवस पाठपुरावा करतोय, म्हणून हा धागा.

मूळ फार मागे जातं आणि गंमत म्हणजे ते ग्रीकही नाही. अकराव्या शतकाच्या अखेरीस दक्षिण इटलीतला नॉर्मन सरदार रॉबर्ट गिस्कार बिझंटाईन (म्हणजे पूर्व रोमन) साम्राज्यावर स्वारीची तयारी करत होता. त्याचा राऊल नावाचा वकील कॉन्स्टँटिनोपलला जाऊन आला. सम्राट अलेक्सियॉसची मुलगी अॅना कोम्निनी हिने आपल्या बखरीत हा प्रसंग लिहिला आहे. राऊलने परत येऊन या लढाईला आधार नाही असं तोंडावर सांगितलं, गिस्कार खवळला आणि राऊलला पळ काढावा लागला. त्याचा भाऊ रॉजर तर आधीच सम्राटाला जाऊन मिळाला होता. पुढे बिझंटाईन दरबारात राऊल हे मोठं घराणं म्हणून दिसतं, आणि त्या नावाचं ग्रीक वळण म्हणजे रालिस. तेराव्या शतकातली थिओडोरा राऊलेना ही याच घराण्याची सून. ती सम्राट आठव्या मिखाईलची भाची. मामाच्या धर्मधोरणाला तिने उघड विरोध केला, त्यासाठी शिक्षा भोगली, आणि ॲरिस्टॉटलच्या भौतिकीवरच्या टीकेची पोथी स्वतःच्या हाताने उतरवून काढली. ती पोथी आज मॉस्कोत आहे.

आता खिओस. तुर्कस्तानच्या किनाऱ्याला अगदी लागून असलेलं हे बेट. १३४६ ते १५६६ तिथे जिनोआच्या व्यापाऱ्यांचं राज्य होतं, नंतर ऑटोमन तुर्क आले. मस्तकीचा डिंक, रेशीम, संत्री आणि व्यापारात मुरलेली काही डझन घराणी ही बेटाची संपत्ती. राली, आर्जेंती, रोडोकानाकी, स्किलिझी, माव्रोगोर्दातो, पेट्रोकोकिनो, काल्वोकोरेसी, वगैरे. सोयरीक आपसातच. खिओसचे राली म्हणजे बिझंटाईन राऊलांचेच वंशज, असं घराण्यात मानत. मधल्या काळातला सलग कागद मात्र कोणी पुढे ठेवलेला नाही. आपल्याकडेही पैसा आल्यावर वंशावळ मागे मागे सरकत कुठल्यातरी राजघराण्याला टेकते, तेव्हा यात नवल वाटायला नको.

आजचा पसारा ज्यांच्यामुळे झाला ते पाच भाऊ, स्टीफन राली यांचे मुलगे: झानिस (म्हणजे जॉन), ऑगस्टस, पांडिया, तुमाझिस आणि युस्ट्रेशियस. १८१८ मध्ये लंडनला पेढी निघाली. मग एक भाऊ ओडेसाला, एक मार्सेला, एक कॉन्स्टँटिनोपलला, आणि लंडनची गादी पांडियाकडे. काळ्या समुद्राकडचा गहू पश्चिमेला यायचा, मँचेस्टरचं कापड पूर्वेला जायचं. १८३७ मध्ये इराणात तब्रीझला कचेरी झाली. ओडेसातला जॉन राली तर तिथे अमेरिकेचा वकील म्हणूनही काम पाहत होता.

दरम्यान १८२२ उजाडलं. ग्रीकांचं स्वातंत्र्ययुद्ध सुरू होतं आणि खिओसवर ऑटोमन आरमार उतरलं. ईस्टरच्या सुमाराला कत्तल सुरू झाली. हजारो मारले गेले, हजारोंना गुलाम म्हणून स्मर्ना आणि कॉन्स्टँटिनोपलच्या बाजारात उभं केलं. ओलीस ठेवलेल्या प्रतिष्ठितांना आणि बेटाच्या धर्मगुरूला फाशी दिलं. दोनच वर्षांनी फ्रेंच चित्रकार देलाक्रोआने त्यावर काढलेलं चित्र आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. जे वाचले ते सिरोस, त्रिएस्ते, लिव्होर्नो, मार्से, ओडेसा, लंडन, अलेक्झांड्रिया अशा बंदरांत पांगले.

माझं म्हणणं एवढंच आहे: एरवी आडनावाचा नकाशा उपाशी गावं सोडून गेलेल्या माणसांचा असतो, रालींचा नकाशा मात्र बंदरांचा आहे. जिथे पेढी तिथे आडनाव. पेढी उठली की माणसं उठली. कलकत्त्याला १८५१ मध्ये आणि मुंबईला १८६१ मध्ये कचेरी निघाली, पुढे हजारो कारकून आणि हमाल त्यांच्याकडे कामाला होते. आज भारतात या ग्रीक आडनावाची माणसं शोधावी लागतील, पण नाव आहे. कंपनीवर आहे, पंख्यावर आहे, वस्तीवर आहे. माणसांशिवाय इतकं टिकलेलं परदेशी आडनाव मला तरी दुसरं माहीत नाही. कोणाकडे आणखी माहिती असेल तर जरूर लिहा.

निळावंती

फार सुंदर लेख. मी काही वर्षं ग्रीक शिकले, त्यातून थोडी भर.

ग्रीकमध्ये पुरुषाचं आडनाव रालिस आणि त्याच्याच बायकोचं किंवा मुलीचं आडनाव राली असतं. पुरुषाला हाक मारतानाही शेवटचा स गळतो. पश्चिमेला गेलेल्या व्यापाऱ्यांनी स नसलेलं रूपच पुरुषांनाही लावलं, म्हणून लंडनचे सगळे राली. ग्रीसमध्ये राहिलेले मात्र रालिस. तिथे हे राजकारणातलं वजनदार नाव आहे. दिमित्रिओस रालिस १८९७ ते १९२१ या काळात अनेकदा पंतप्रधान झाले. मुलगा इओआनिस जर्मन ताब्याच्या काळात, १९४३-४४ मध्ये, त्यांच्या मर्जीतलं सरकार चालवत होता. ते ग्रीकांच्या मनात अजून सलतं. आणि नातू जॉर्जिओस १९८० मध्ये लोकशाही मार्गाने पंतप्रधान. ग्रीस युरोपीय समुदायात गेला तो १ जानेवारी १९८१ ला, त्यांच्याच कारकिर्दीत. शिक्षणमंत्री असताना १९७६ मध्ये शाळांतून जुनी पंडिती भाषा काढून बोलीभाषा आणण्याचं कामही त्यांचंच. मला त्यांच्याबद्दल फार आदर आहे.

टेम्सकाठी

दक्षिण लंडनमध्ये वेस्ट नॉरवूडला मोठी दफनभूमी आहे. तिच्या एका कोपऱ्यात ग्रीकांनी १८४२ मध्ये स्वतंत्र जागा घेतली. लोखंडी कुंपणाच्या आत गेलं की एकदम अथेन्समध्ये आल्यासारखं वाटतं. संगमरवरी खांबांची छोटी छोटी देवळं, त्यावर ग्रीक अक्षरं. मधोमध सेंट स्टीफनचं चॅपल आहे, डोरिक खांबांचं. ते स्टीफन राली यांनी मुलाच्या आठवणीसाठी बांधलं. मुलगा ऑगस्टस ईटनला शिकत असताना १८७२ मध्ये वारला.

नावं वाचायला लागलं की पहिल्यांदा गोंधळ उडतो. पांडिया, स्टीफन, युस्ट्रेशियस, ऑगस्टस, पुन्हा पांडिया, पुन्हा स्टीफन. नंतर लक्षात येतं की थोरल्या नातवाला आजोबांचं नाव द्यायची पद्धत आहे आणि मधलं नाव वडिलांचं. मूळ पुरुष स्टीफन, मुलगा ऑगस्टस, त्याचा मुलगा स्टीफन ऑगस्टस (चॅपल बांधणारा), आणि त्याचा मुलगा ऑगस्टस. मराठी माणसाला हे समजावून सांगायलाच नको! इथल्या इंग्रज अभ्यासकांना यातून मार्ग काढताना त्रास होतो. आपण मधलं नाव बघून लगेच बाप ओळखतो.

बेजवॉटरच्या सेंट सोफिया चर्चचा पहिला दगडही १८७७ मध्ये युस्ट्रेशियस रालींनी बसवला. आणि होव्हला, समुद्राजवळ, राली हॉल नावाची इमारत आहे, स्टीफन रालींच्या पत्नीने नवऱ्याच्या स्मरणार्थ बांधून दिलेली. म्हणजे वऱ्हाडकर, तुमचं निरीक्षण इथेही लागू पडतं: इमारतींवर नाव दिसतं, शेजारी राहणारा राली मला अजून भेटलेला नाही.

खामगावकर

आमचे पणजोबा राली ब्रदर्सच्या एजन्सीत कारकून होते, त्यामुळे धागा वाचून अंगावर काटा आला.

वऱ्हाडात कापूस कायमच होता, पण अमेरिकेत १८६१ मध्ये यादवी पेटली, तिकडचा कापूस लँकेशायरला जायचा बंद झाला आणि इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. रेल्वे त्याच दशकात वऱ्हाडात पोचली. रालींची मुंबईची कचेरी १८६१ ची, हा योगायोग नव्हे. या लोकांची खासियत म्हणजे ते बंदरात बसून माल येण्याची वाट बघत नसत. थेट आत, बाजारपेठेच्या गावात एजन्सी टाकत. बैलगाडीतून बोजे यायचे, अडत्या मध्ये असायचा, खरेदीदार बोज्यात कोपरापर्यंत हात घालून आतला कापूस ओढून काढायचा. वरवरचा बघून भाव करायचा नाही, कारण आत ओला किंवा कवडी लागलेला भरलेला असू शकतो. मग धागा दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ओढून बघायचा, किती लांब येतो ते. पणजोबांच्या वहीत प्रत्येक बोज्यापुढे अशा शेऱ्यांची ओळ आहे: ‘ओल’, ‘पाने फार’, ‘बरा’. जिनात सरकी निघाली की रुई प्रेसमध्ये, दाबून गाठी, गाठीवर छाप, आणि गाठी रेल्वेने कुलाब्याला. कापसाचा बाजार तेव्हा तिथे होता, शिवडीला नंतर गेला. १८६९ पर्यंत सुएझ नव्हता, त्यामुळे त्याआधीच्या गाठी आफ्रिकेला वळसा घालून लिव्हरपूलला जात.

एक खुलासा. खामगाव-अमरावतीकडे बरेच जण राली आणि वोल्कार्ट यांची गल्लत करतात. वोल्कार्ट स्विस, विंटरथूरचे. धंदा एकच आणि चुरसही होती, पण घराणी अगदी वेगळी.

सातपुडा

माहिती उत्तम आहे, पण घराण्याच्या वैभवाबरोबर शेतकऱ्याचं काय झालं तेही धाग्यात यायला हवं. १८६५ ला अमेरिकेतलं युद्ध संपलं आणि कापसाचे भाव कोसळले. मुंबईतल्या कित्येक पेढ्या आणि बँका बुडाल्या. शेतकऱ्याने तेजीत काढलेलं कर्ज तसंच राहिलं, सावकार मागे लागला, आणि दख्खनमध्ये १८७५ ला सुप्यापासून दंगे सुरू झाले, कर्जरोखे जाळले गेले. राली टिकले. शेतकरी उघडा पडला. बाजाराला जोडलं जाण्याची किंमत दोघांनी सारखी मोजली नाही.

वऱ्हाडकर

सातपुडा, अगदी मान्य, आणि हे लिहिलंत ते फार बरं केलंत. राली टिकले याचं एक कारण असं की सट्टा करायचा नाही हा त्यांचा कडक नियम होता. माल घेतानाच विकून मोकळं व्हायचं, फरक थोडा पण उलाढाल प्रचंड. शेतकऱ्याला अशी सोय कुठून असणार? वर्षाचं एकच पीक, आणि ते विकायचं त्या दिवशी जो भाव असेल त्या भावाने.

गोदाकाठ

एक शंका. ग्रीक म्हटलं की मला पापादोपोलोस आठवतं. तेही असंच एका घराण्याचं का? आणि अमेरिकेतल्या ग्रीकांची आडनावं न्यूयॉर्कच्या एलिस बेटावरच्या, परदेशातून येणाऱ्यांची तपासणी करणाऱ्या, कारकुनांनी तोडली-मोडली हे खरं का?

निळावंती

नाही, ते बरोबर उलट्या प्रकारचं आहे. पापादोपोलोस म्हणजे पाद्र्याचा वंशज. ग्रीक ऑर्थोडॉक्स पाद्री लग्न करतात, त्यामुळे गावोगाव पाद्र्याची मुलं होती आणि गावोगाव हे आडनाव स्वतंत्रपणे उगवलं. दोन पापादोपोलोस भेटले म्हणून ते भाऊबंद ठरत नाहीत, आपल्याकडचे दोन कुलकर्णी जसे ठरत नाहीत. ग्रीसमध्ये हे सर्वांत जास्त आढळणारं आडनाव आहे.

ग्रीक आडनावाचा शेवट बघूनही प्रांत कळतो. पोलोस असेल तर बहुधा पेलोपोनीज, आकिस असेल तर क्रीट, आतोस केफालोनिया, आकोस किंवा एआस मानी, इदिस किंवा ओग्लू असेल तर काळ्या समुद्राकडून किंवा आशिया मायनरमधून आलेली मंडळी. खिओसचा खास शेवट ऊसिस. रालीला यातला कुठलाच शेवट नाही, ते या शेवटांच्या रुळण्याआधीचं नाव आहे.

एलिस बेटाचं म्हणाल तर ती दंतकथा आहे. प्रवाशांची यादी जहाज सुटतानाच बोटकंपनीचे लोक भरत आणि एलिस बेटावरचे अधिकारी ती समोर ठेवून तपासणी करत. नावं बदलली ती लोकांनी स्वतः, नंतर, दुकानाच्या पाटीसाठी किंवा नागरिकत्वाच्या कागदावर. पापादोपोलोसचं पापास झालं ते असं.

वऱ्हाडकर

यावरून एक उपयोगाची खूण मिळते. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियात स सकट रालिस दिसलं, तर बहुधा ते विसाव्या शतकात ग्रीसमधून कामासाठी गेलेलं कुटुंब असतं. स नसलेलं राली इंग्लंड-फ्रान्समध्ये जुन्या कागदांत दिसलं, तर खिओसच्या व्यापाऱ्यांकडे बोट जातं. ही खूण झाली, पुरावा नव्हे.

कपाशी

कलकत्त्याला असताना काळीघाटजवळचं ग्रीक चर्च पाहिलं होतं. ट्रॅम डेपोशेजारी, बाहेरून ग्रीक देवळासारखं, १९२० च्या दशकातलं. फूलबागानला ग्रीक दफनभूमीही आहे. तिथे राली कंपनीसाठी आलेल्या कितीतरी माणसांची नावं आहेत, आणि बहुतेकांचं आडनाव राली नाहीच! मालक लंडनला, आणि इकडे जबाबदारीच्या जागांवर भाचे, साडू, गाववाले. म्हणून भारतातल्या ग्रीकांचा माग काढताना राली हे नाव शोधून भागत नाही, त्यांच्या सोयऱ्यांची आडनावं शोधावी लागतात. ठळक उदाहरण पीटर काल्वोकोरेसी. दुसऱ्या महायुद्धात ब्लेचली पार्कला जर्मन गुप्त संदेशांवर काम केलेला हा इतिहासकार १९१२ मध्ये कराचीत जन्मला. वडील राली ब्रदर्समध्ये होते.

टेम्सकाठी

कपाशी, हा मुद्दा फार मोलाचा आहे. खिओसच्या या घराण्यांचा एक छापील कुळवृत्तांतच आहे. त्यांच्यातल्याच फिलिप आर्जेंतींनी १९५५ मध्ये काढला, इटालियन पद्धतीचं ‘सुवर्णग्रंथ’ असं नाव देऊन. आपल्या चित्पावन कुळवृत्तांतांसारखी पिढ्यान् पिढ्यांची झाडं. कुठलीही दोन घराणी घ्या, चार पिढ्यांत जुळतातच. इंग्लंडमध्ये नाव विरळ का झालं तेही त्यावरून कळतं. तिसऱ्या-चौथ्या पिढीनंतर लग्नं इंग्रजांत व्हायला लागली, मुलींबरोबर रक्त गेलं आणि आडनाव मागे राहिलं. त्याआधीच पांडेली राली (जन्म मार्सेचा) इथे खासदार झाला होता. लॉर्ड किचनर लंडनला आला की त्याच्या बेलग्रेव्ह स्क्वेअरच्या घरी उतरायचा. ल्यूकस रालींना १९१२ मध्ये बॅरोनेट हा वंशपरंपरागत किताब दिला. तीन पिढ्यांत निर्वासित ते सरदार.

निळावंती

पूर्वेकडची बाजू राहिली, ती जोडते. हे नाव मॉस्कोला लंडनच्या कितीतरी आधी पोचलं होतं. कॉन्स्टँटिनोपल १४५३ ला पडल्यावर काही रालिस व्हेनिसच्या नोकरीत गेले, आणि दिमित्री व मानुएल हे भाऊ मॉस्कोचा राजा तिसऱ्या इव्हानच्या दरबारी. रशियन कागदांत ते रालेव्ह होतात. १४८८ मध्ये इव्हानने त्यांना वकील म्हणून इटलीला पाठवलं. येताना त्यांनी कारागीर आणले, त्यांत क्रेमलिनच्या तटावर काम केलेला पिएत्रो अंतोनिओ सोलारी होता.

बेसारेबियातही, म्हणजे आजच्या मोल्दोव्हात, एक राली घराणं होतं. रशियन कवी पुश्किन हद्दपारीत तिथल्या किशिनेव्ह शहरात असताना त्यांच्याकडे जाई, त्यांच्या दोल्ना गावच्या वाड्यावर राहिला होता, आणि जिप्सींच्या तांड्यांशी त्याची ओळख त्याच मुलखातली. त्याच घराण्यातला झाम्फिर क्रांतिकारक झाला, रशियातून निसटला, रुमानियात स्थायिक झाला आणि आर्बोरे या नावाने प्रसिद्ध झाला. त्याच्या मुलींना जग आर्बोरे म्हणूनच ओळखतं. हीसुद्धा आडनाव नाहीसं होण्याची एक तऱ्हा.

गोदाकाठ

शेवटची शंका. ऑनलाईन आडनावांच्या नकाशावर राली टाकलं तर पंजाब आणि इटलीतही ठिपके दिसतात. ते या घराण्याचेच? आणि सिंधी रल्ली गोधडीचं काय?

वऱ्हाडकर

गोधडीचा काही संबंध नाही, ते सिंधीतलं स्वतःचं नाव आहे. पंजाबातली आणि इटलीतली नावं रोमन लिपीत सारखी दिसतात म्हणून नकाशा त्यांना एकाच रंगात रंगवतो. नकाशाला अक्षरं कळतात, घराणं कळत नाही. म्हणून शोधायचं तर असं शोधा: राली आणि रालिस दोन्ही, रशियन कागदांत रालेव्ह, आणि बिझंटाईन काळासाठी राऊल. त्यानंतर पहिलं नाव आणि वडिलांचं नाव बघा. पांडिया, स्टीफन, युस्ट्रेशियस यांची आलटून पालटून माळ दिसली तर खिओसची शक्यता दाट. शेवटी सोयरे बघा. आई किंवा बायको आर्जेंती, स्किलिझी, रोडोकानाकी यांपैकी निघाली की घराणं सापडलं म्हणायला हरकत नाही.

खामगावकर, पणजोबांच्या वहीतल्या एखाद्या पानाचा फोटो टाकता येईल का? एजंटचं नाव कुठे लिहिलेलं असेल तर तेही पाहा. ते राली नसून काल्वोकोरेसी किंवा स्किलिझी असण्याचीच शक्यता जास्त.